सकाळचा राखाडी आणि दुपारचा राखाडी

छापखान्यात सगळ्यात खोडकर रंग कोणता, असं कुणी विचारलं तर मी राखाडी म्हणेन. लाल जरा गडद झाला, निळा थोडा फिका पडला, तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पण सायन, मॅजेंटा आणि पिवळा अशा तिघांच्या टिपक्यांवर उभा केलेला राखाडी म्हणजे तिवई. एक पाय केसभर लांब झाला की डुगडुगते, आणि ते डुगडुगणं शेंबड्या पोरालाही दिसतं.

माझी ही समजूत एका पुस्तकमालेच्या मुखपृष्ठांनी पक्की केली. पार्श्वभूमी अशीच तीन रंगांतली राखाडी, मधोमध लाल पट्टा आणि त्यावर पांढऱ्यात नाव. सकाळी आठला ओके ताव, म्हणजे बाकीचे ज्याच्याशी जुळवायचे तो मंजूर ताव, निघाला, पार्टीने (काम देणाऱ्या ग्राहकाने) सही केली आणि गेली. अकराच्या सुमाराला राखाडी तांबूस वाटायला लागला. मी तेव्हा नवा मशीनमन. शाईचा गडदपणा मोजणारा डेन्सिटोमीटर हाताशी होता, चारही रंगांचे सॉलिड, म्हणजे पूर्ण भरलेले चौकोन, मोजले, तर आकडे अगदी सकाळचेच. म्हटलं, यंत्र खोटं बोलतंय, आपला डोळा खरा. शाई कमीजास्त करायच्या त्या मॅजेंटाच्या चाव्या थोड्या आवळल्या. राखाडी जागेवर आला. एक वाजता पुन्हा तांबूस, पुन्हा आवळल्या. साडेतीनला ये रे माझ्या मागल्या. संध्याकाळी थप्पीतून चार ठिकाणचे ताव काढून टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पाय लटपटायला लागले. राखाडी चार जातींचे, आणि सकाळी भरदार असलेला लाल पट्टा शेवटच्या तावावर चक्क नारिंगीकडे गेलेला.

आमचे फोरमन, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, ते रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पन्नास टक्क्यांचा चौकोन मोजलास का रे?" मी मोजला नव्हता. त्या चौकोनात निम्मी जागा टिपक्यांची असते, आणि छापताना टिपके थोडे पसरतातच. सकाळच्या ओके तावावर मॅजेंटाचा पन्नासाचा चौकोन ६७ दाखवत होता, अकराच्या तावावर ७२. मग त्यांनी तापमापकाची बंदूक प्रत्येक युनिटच्या, म्हणजे एकेका रंगाच्या भागाच्या, शाईच्या रोलरवर धरली. तीन युनिटं २९-३० अंशांवर, मॅजेंटाचं ३६. त्या युनिटकडे जाणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह अर्धा बंद राहिला होता. शाई तापून पातळ झाली होती. कागदावर शाई तेवढीच पडत होती, म्हणून सॉलिडचा आकडा हलला नाही. टिपके मात्र पसरत होते, म्हणून राखाडी तांबूस. मी शाई कमी करून राखाडी सावरला आणि त्या नादात सॉलिडचा जीव काढला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

तेव्हापासून रंग हलला की माझा हात चावीकडे सगळ्यात शेवटी जातो. आधी हवा, मग कागद, मग पाणी, मग रोलरची उष्णता, मग उजेड. पुढे जे सांगतोय ते साधारण याच क्रमाने.

हवा

खोलीचं तापमान २० ते २५ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के, हे ऑफसेटसाठी, म्हणजे प्लेटवरून रबरावर आणि तिथून कागदावर छापणाऱ्या मशीनसाठी, सोयीचं घर. पण माझ्या मते आकड्यापेक्षा त्याचं स्थिर राहणं महत्त्वाचं. दिवसभर २६ अंश आणि ५८ टक्क्यांवर ठाम असलेली खोली मला चालेल. सकाळी २१, दुपारी २८ अशी झोके घेणारी खोली नको. दिवसभरात दोन अंशांच्या आणि पाच टक्क्यांच्या आत फरक राहिला तर छपाईला हवेची तक्रार करायला जागा उरत नाही.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हवेतलं पाणी तेवढंच राहिलं आणि खोली नुसती गार झाली तरी सापेक्ष आर्द्रता वाढते. २५ अंशांना ५० टक्के असलेली बंद खोली रात्री २० अंशांवर उतरली की आर्द्रता साधारण ६८ वर जाते. बाहेर पाऊस नाही, कुठे पाणी सांडलं नाही, तरी सकाळी उघड्या थप्पीच्या कडा लाटांसारख्या झालेल्या. पन्नासच्या आसपास असताना एक अंश उतरला की तीनेक टक्के चढले, असा हिशेब मी मनाशी ठेवतो. म्हणून रात्री एसी बंद करायचाच असेल तर थप्पी झाकून मग बंद करा.

मोजायला साधा डिजिटल हायग्रोमीटर पुरतो, पण तो खरं बोलतो का ते एकदा तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, पार विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि हायग्रोमीटर एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत ठेवून रात्रभर सोडायचं. ओल्या मिठावरची बंदिस्त हवा नेहमीच्या तापमानात ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. माझा एक मीटर सकाळी ६९ दाखवत होता. त्याच्या पाठीवर "+६" अशी चिठ्ठी चिकटवली आणि अजून तो वापरतो. खालच्या आकड्यांना ही चूक थोडी वेगळी असू शकते, पण सहा टक्क्यांनी फसण्यापेक्षा एखाद्या टक्क्याने फसलेलं बरं.

मीटर टांगायचा तो थप्पीजवळ, थप्पीच्या उंचीला. एसीच्या झोतात किंवा दाराच्या चौकटीवर टांगलेला मीटर झोताची आणि दाराची हवा सांगतो, कागदाची नाही.

कागद

कागद हा प्राणी आहे असं समजा. तो हवेतलं पाणी पितो, सोडतो, फुगतो, आक्रसतो. दमट हवेत थप्पीच्या कडा आधी पाणी पितात, मधला भाग तसाच राहतो, म्हणून कडांना लाटा येतात. कोरड्या हवेत उलट होतं. कडा आवळतात आणि ताव मधून फुगीर, वाटीसारखा होतो. हात फिरवला तरी कळतं. कागद ग्रेनच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने कमी आणि ग्रेनच्या आडवा कितीतरी जास्त वाढतो, हेही पक्कं लक्षात ठेवायचं.

याचा रंगाशी संबंध काय, असं मला नवी मुलं विचारतात. तर १५० लाइनच्या स्क्रीनमध्ये, म्हणजे इंचाला १५० ओळी असताना, टिपक्यांच्या दोन ओळींतलं अंतर जेमतेम ०.१७ मिलिमीटर असतं. तावाची मागची कड अर्ध्या मिलिमीटरने फाकली तर रंग एकमेकांवरून तीन ओळी सरकले. मग पकडीकडचा (मशीन तावाला धरतं त्या कडेचा) राखाडी आणि शेपटाकडचा, म्हणजे मागच्या कडेचा, राखाडी एकाच तावावर वेगळे दिसतात, आणि मशीनमन बिचारा चाव्या फिरवत बसतो. भिंग लावून रजिस्टरच्या, म्हणजे रंग एकमेकांवर बसलेत का ते दाखवणाऱ्या, खुणा बघितल्याशिवाय अशा वेळी काहीही करू नये.

दोन रंगांच्या मशीनवर चार रंगांचं काम करणाऱ्यांना तर हे रोजचंच. आज सायन-काळा मारला, उद्या मॅजेंटा-पिवळा. रात्रीतून तावाने पाणी प्यायलं की उद्याचा ताव कालच्या मापाचा नसतो. उपाय अगदी साधा आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही: पहिला फेरा झाला की थप्पीवर आणि चारही बाजूंनी प्लास्टिक गुंडाळा, खाली पॅलेटपर्यंत. नुसतं वरून पांघरूण टाकून उपयोग नाही, कडाच तर पाणी पितात.

कागद छपाईच्या खोलीत आणला की लगेच वेष्टण फाडायचं नाही, हे तर ओरडून सांगण्यासारखं आहे. गार गोदामातून आलेला कागद उबदार खोलीत उघडला की कडांजवळची हवा गार पडते, तिची आर्द्रता चढते आणि कडा ओल धरतात. फरक मोठा असेल तर थेट दव पडतं. वेष्टणासकट ठेवा, तापमान सारखं होऊ द्या, मग उघडा. किती वेळ? फरक दोन-चार अंशांचा आणि थप्पी लहान असेल तर एखादी रात्र. फरक मोठा आणि पूर्ण पॅलेट असेल तर दोन दिवस, कधी त्याहून जास्त. थप्पीच्या पोटापर्यंत ऊब पोचायला फार वेळ लागतो. तावांमध्ये खुपसायचा तलवारीसारखा पात्याचा हायग्रोमीटर मिळतो. तो असेल तर अंदाज करावा लागत नाही. पाती मधे सरकवायची, आकडा थांबेपर्यंत थांबायचं आणि खोलीच्या आकड्याशी ताडायचं. पाच टक्क्यांच्या आत असेल तर मी कागद मशीनवर घेतो.

आणखी एक, एकाच कामात दोन लॉटचे कागद मिसळू नका. पांढऱ्यापांढऱ्यात फरक असतो, विशेषतः कागद उजळ दिसावा म्हणून घातलेल्या द्रव्यांचा. छापलेला प्रत्येक फिका रंग त्या पांढऱ्यावरच उभा असतो. मिसळावेच लागले तर निदान एक अख्खा फर्मा (एका तावावर छापायच्या पानांचा संच) एका लॉटवर काढा.

पाणी

हे प्रकरण मी थोडं लांबवणार आहे, कारण माझ्या पाहण्यातले निम्मे घोटाळे इथलेच.

ऑफसेटमध्ये शाई जेवढी महत्त्वाची तेवढंच पाणी. प्लेटवर कोऱ्या जागी शाई धरू नये म्हणून ते लागतं. पाणी जास्त झालं की ते शाईत मिसळतं, शाई लोण्यासारखी फेसाळ होते, रंग धुतल्यासारखा दिसतो. मशीनमन म्हणतो शाई कमी पडतेय, चावी उघडतो. आता शाई जास्त, म्हणून पाणी आणखी वाढवायला लागतं. तासाभरात दोन्ही चढलेले, डेन्सिटी तरी ठरत नाही, आणि मागच्या तावाला शाई उठते ती वेगळीच. अशा वेळी मी दोन्ही खाली आणतो. पाणी इतकं कमी करतो की प्लेटवर कोऱ्या जागी घाण धरायला सुरुवात होते, आणि तिथून जेमतेम वर येतो. पाण्याची खरी जागा ती. प्रत्येक कामाची वेगळी असते, आणि हवा बदलली की तीही सरकते.

फाउंटनच्या, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या, पाण्यात तीन गोष्टी रोज मोजायच्या. तापमान माझ्याकडे १० ते १२ अंश असतं. पीएच ४.८ ते ५.३ च्या दरम्यान. आणि विद्युत्‌वाहकता, जिला आम्ही आपलं कंडक्टिव्हिटीच म्हणतो. तिचा सगळ्यांना लागू असा एक आकडा नाही. पाण्यात औषध घालून ताजं मिश्रण केल्या केल्या जो आकडा येतो तो तुमचा पाया. तो लिहून ठेवा. दिवस जातील तसा कागदाचा चुरा, शाईचे अंश पाण्यात उतरतात आणि आकडा चढत जातो. कोटेड, म्हणजे गुळगुळीत थर दिलेल्या, कागदातला खडू पाण्यात गेला तर पीएचही वर सरकतो. नुसता पीएच बघणाऱ्याला पुष्कळदा सगळं आलबेल वाटतं, कारण मिश्रणातली औषधं पीएच सांभाळून धरतात. कंडक्टिव्हिटी मात्र चुगली करते. ती पायापासून बरीच वर गेली आणि प्लेट घाण धरायला लागली की टाकी रिकामी करून धुवायची. वरून औषधाची बाटली ओतून वेळ मारून नेऊ नका.

उन्हाळी दिवसांत अल्कोहोलवर चालणाऱ्या मशीनची आणखी एक तऱ्हा. अल्कोहोल उडतं. पाणी प्लेटवर नीट पसरेनासं होतं, मशीनमन पाणी वाढवतो, आणि वरचं सगळं रामायण सुरू. म्हणून टाकी झाकलेली आणि गार हवी, आणि अल्कोहोलचं प्रमाण सकाळी एकदा बघून दिवसभर तेच धरून चालायचं नाही.

मिश्रणात घालायचं साधं पाणीही बारा महिने सारखं नसतं. पावसाळी दिवसांत ते मऊ असेल, कोरड्या दिवसांत जड. औषध टाकायच्या आधी कोऱ्या पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजायची सवय लावा. नाहीतर तेच माप, तेच औषध, आणि परिणाम वेगळा का, याचं उत्तर सापडत नाही.

पीएच मीटर वापरत असाल तर ४ आणि ७ च्या द्रावणांत बुडवून आठवड्यातून एकदा जुळवून घ्या. कपाटात कोरडा पडलेला मीटर काय वाट्टेल ते सांगतो.

शाई आणि रोलर

सकाळी मशीन गार असतं. रोलर खोलीच्या तापमानाला. तासभर चाललं की घर्षणाने तापतात. शाई तापली की तिचा चिकटपणा उतरतो, टिपका पसरतो, राखाडी हलतो. म्हणून पहिल्या दीडशे तावांतून ओके ताव काढून पार्टीची सही घेणं हा स्वतःच्याच पायावर मारलेला धोंडा आहे. पार्टी घाईत असते, मान्य. तिला बसवा. शाई लावलेले रोलर पंधरा-वीस मिनिटं फिरू द्या, कोरडे मात्र कधीही फिरवू नका, रबर जळतं. रोलरला आतून थंड पाण्याची सोय असेल तर ती मशीनसोबतच सुरू करा, दुपारी तापल्यावर नाही.

तापमापकाची बंदूक वापरताना ती शाई लागलेल्या रबरी रोलरवर धरा. चकचकीत धातूच्या रोलरवर धरली तर खोटा आकडा देते. चकाकणाऱ्या धातूत ती त्याची स्वतःची उष्णता कमी आणि आजूबाजूचं प्रतिबिंब जास्त वाचते.

आता मोजण्याचं. कोटेड कागदावर माझे सॉलिडचे आकडे साधारण असे: काळा १.७, सायन १.४, मॅजेंटा १.४, पिवळा १.०. तुमच्या शाईला, कागदाला आणि यंत्राच्या फिल्टरला दुसरे लागतील, ते तुम्ही ठरवा. पण सॉलिडवर थांबू नका. मोजण्यासाठी तावावर छापलेल्या कंट्रोल पट्टीवरचे पन्नासाचे चौकोन आणि तीन रंगांचा राखाडी चौकोन, म्हणजे सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४०, हेही प्रत्येक वेळी मोजा. या तिन्हींचा अर्थ असा लावायचा: सॉलिड हलला असेल तर शाईचं प्रमाण हललं. सॉलिड जागेवर आणि पन्नास वर गेला असेल तर उष्णता, पाणी, ब्लँकेट (प्लेटवरची शाई कागदावर नेणारं रबर) किंवा दाब यांत काहीतरी आहे, चावीला हात लावू नका. सगळे आकडे जागेवर आणि तरीही डोळ्याला रंग वेगळा दिसत असेल तर उजेड किंवा कागद बघा.

चावी फिरवायचीच वेळ आली तर थोडी फिरवा आणि थांबा. शाईला डबीपासून तावापर्यंत इतके रोलर ओलांडायचे असतात की नवा रंग ठरायला शे-दोनशे ताव जातात. वीस तावांनी पुन्हा चावी फिरवणारा माणूस स्वतःच्याच सावलीमागे धावत असतो.

ओला ताव आणि वाळलेला ताव यांत फरक पडतो, वाळल्यावर डेन्सिटी उतरते. कोटेडवर थोडी, अनकोटेडवर चांगलीच. पोलरायझिंग फिल्टरचं डेन्सिटोमीटर असेल तर तो फरक पुष्कळ झाकला जातो. नसेल तर निदान कालच्या वाळलेल्या तावाशी आजचा ओला ताव ताडून चावी उघडू नका. आणि दमट हवेत शाई वाळायलाही जास्त वेळ घेते. फाउंटनचं पाणी फार आम्लधर्मी असेल तर त्याहून जास्त. घाईने पाठपोट मारायला घेतलं तर पाठीवर आरसा उमटतो.

इंकजेट आणि लेझर

ऑफसेटवाल्यांना वाटतं डिजिटलला हवेशी देणंघेणं नाही. आहे. पाण्याच्या शाईच्या इंकजेटला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. त्याहून कोरड्या हवेत शाई फवारणारी नोझल सुकतात, कागदावर स्थिर वीज साठते, शाईचे बारीक कण भरकटतात. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या कामाआधी नोझलची तपासणी छापा. एक तुटलेली रेघ म्हणजे एक फिकट झालेला रंग. प्रोफाइल, म्हणजे मशीन कोणता रंग कसा छापतं त्याची नोंद, ज्या हवेत केलं त्याच हवेत ते खरं. खोलीची तऱ्हा बदलली की आधी मशीन पुन्हा लीनिअराइझ करायचं, म्हणजे एकेका शाईची पातळी जुळवून घ्यायची, त्याने भागलं नाही तर नवं प्रोफाइल. प्रिंट निघाल्याबरोबर मोजायचं नाही, शाई स्थिरावू द्यायची. मी एक तास ठरवला आहे. तुम्ही अर्धा ठरवा, दोन ठरवा, पण दर वेळी तोच ठेवा. उरलेला रोल पिशवीत.

लेझरमध्ये टोनरवरची वीज हवेप्रमाणे कमीजास्त होते. कोरड्या हवेत ती वाढते आणि प्रिंट फिकी पडू शकते, दमट हवेत उलट, कोऱ्या जागी धूसर थर येतो. मशीन स्वतःहून जुळवून घेतं, पण ते ठरावीक पानांनी किंवा ठरावीक वेळाने. म्हणून लांब काम दोन तुकड्यांत काढणार असाल तर दोन्ही तुकड्यांआधी स्वतः कॅलिब्रेशन चालवा. आणि उघडं रीम मशीनच्या गरम हवेच्या झरोक्यापाशी ठेवू नका. जागा मोकळी दिसते म्हणून सगळे नेमकं तिथेच ठेवतात.

उजेड

एकदा एका ग्राहकाचा तावातावाने फोन आला. प्रूफशी, म्हणजे आधी काढून दाखवलेल्या नमुन्याशी, जुळवून सही केलेलं काम त्याच्या कचेरीत प्रूफपेक्षा हिरवं दिसत होतं. मी गेलो. त्याच्या टेबलावर ट्यूबच्या उजेडात खरंच हिरवट. दोन्ही घेऊन खिडकीशी गेलो, तर फरक जवळजवळ गायब. प्रूफ इंकजेटचं, काम ऑफसेटचं. दोन वेगळ्या शायांनी केलेला एकच रंग एका उजेडात जुळतो आणि दुसऱ्यात फाटतो. याला मेटामेरिझम म्हणतात, आणि इथे कुणाचीच चूक नसते. चूक माझी एवढीच की त्याला आधी सांगितलं नव्हतं. आता कामासोबत एक ओळ लिहून देतो की रंग कोणत्या उजेडात ताडले आहेत.

तो उजेड म्हणजे डी५०, ५००० केल्विन. आयएसओ ३६६४ मध्ये प्रूफ आणि छपाई बारकाईने ताडायला २००० लक्स सांगितले आहेत. आजूबाजूच्या भिंती फिक्या राखाडी, रंग नसलेल्या. आमच्याकडे ताव बघायच्या टेबलाशेजारी पिवळ्या रंगाचं कपाट होतं. ते हलवल्यावर पिवळ्याबद्दलच्या निम्म्या तक्रारी थांबल्या. भडक लाल शर्ट घालून ओके ताव बघणाऱ्यालाही मी दोन पावलं मागे उभा करतो, हसले तरी चालेल. ट्यूब जळेपर्यंत वापरायच्या नसतात. अडीच हजार तासांनी मी बदलतो आणि बसवल्याची तारीख पट्टीवर लिहितो.

उजळपणाची द्रव्यं घातलेला कागद अतिनील किरण मिळाले की निळसर पांढरा दिसतो, आणि ते किरण नसलेल्या एलईडीखाली पिवळसर. म्हणून मोजताना यंत्र कोणत्या रीतीवर आहे ते बघा. एम१ मध्ये अतिनीलचा हिशेब डी५० प्रमाणे धरलेला असतो, एम२ मध्ये तो वगळलेला, आणि जुनी यंत्रं बहुधा एम० वर. दोन ठिकाणचे आकडे ताडताना एकीकडे एम० आणि दुसरीकडे एम१ असेल तर डेल्टा ई, म्हणजे दोन रंगांतल्या फरकाचा आकडा, मोठा येणारच, आणि त्यावरून भांडणंही होतात. पातळ कागद मोजताना खाली काय ठेवलंय तेही दर वेळी सारखंच हवं. यंत्र जुळवून घ्यायची पांढरी फरशी स्वच्छ ठेवा, आणि यंत्र गार गाडीतून आणून लगेच लावू नका. लाल आणि नारिंगी रंग तर स्वतःच तापमानाप्रमाणे किंचित बदलतात. मशीनमधून निघालेला गरम ताव थोडा निवल्यावर मोजलेला बरा.

लॅमिनेशनने रंग गडद होतो, हे प्रूफच्या वेळीच दाखवून द्यावं. उन्हात लागणारं काम असेल तर शाईचा उजेडातला टिकाऊपणा विचारा. तो ब्लू वूलच्या १ ते ८ अशा पट्टीवर सांगतात, ८ सर्वांत चिवट. नेहमीच्या चार शायांत पिवळा आणि मॅजेंटा आधी हार मानतात, म्हणून उन्हात राहिलेली जुनी पोस्टरं निळी पडलेली दिसतात.

वही

हे सगळं लक्षात राहत नाही, म्हणून मशीनच्या बाजूला एक वही टांगलेली असते. दर दोन तासांनी आणि कागदाचा लॉट, पाणी किंवा ब्लँकेट बदललं की एक ओळ. तिच्यातली एक अशी: "९.१०. खोली २३, आर्द्रता ५२. पाणी ११, पीएच ५.०, कंड. पायाहून थोडी वर. रोलर २९-२९-३०-२९. मॅजे. सॉ. १.४१, ५० चा ६७. राखाडी ठीक." लिहायला मिनिटभर लागतं. दोन-तीन महिने लिहिलं की तुमच्या मशीनच्या खोडी तुम्हाला पाठ होतात. आमचं तिसरं युनिट दुपारी दोननंतर दोन अंश चढतं. ते आता मला न मोजताही माहीत आहे, तरी मोजतो.

पुनर्मुद्रणासाठी ओके ताव जपून ठेवत असाल तर तो भिंतीला टाचू नका. काळ्या पाकिटात, अंधारात, सपाट ठेवा, आणि पाकिटावर त्याचे लॅबचे (रंग सांगणारे L*a*b*) आकडे आणि मोजण्याची रीत लिहा. कागद स्वतः पिवळा पडतो. पाच वर्षांपूर्वीचा ताव आज मोजला तर त्याचे पांढऱ्याचे आकडे पाकिटावरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. अशा वेळी मी पाकिटावरच्या आकड्यांना धरून छापतो, तावाला नाही.

त्या मुखपृष्ठांचे चार ताव त्याच खणात आहेत. नवीन मुलगा कामाला लागला की मी ते चारही त्याच्यापुढे क्रम उलटसुलट करून मांडतो आणि यातला सकाळचा कोणता ते विचारतो. लाल पट्ट्यावर पुठ्ठा ठेवलेला असतो, नुसता राखाडी दिसतो. आजवर कुणाला ओळखता आलेला नाही, आणि मलाही पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेली वेळ वाचल्याशिवाय सांगता येत नाही.